एक गाठ प्लस

थोरलीने शेवटचा स्क्रू काढून दातांत धरला आणि स्टिअरिंगखालच्या पोकळीत मान घातली. आत वायरींचं नुसतं रान माजलं होतं. तिची उभी नोकरी लिफ्ट दुरुस्त करण्यात गेली होती, पण असला पसारा तिने कुठल्याही इमारतीत पाहिला नव्हता.

“दिसतंय का काही?” दारातल्या पायरीवर टॉर्च धरून बसलेल्या आईने विचारलं.

“बाबांचा पराक्रम दिसतोय. टॉर्च जरा खाली धर.”

“धरते. पण त्यांना नावं ठेवू नकोस.”

नावं ठेवायची थोरलीलाही इच्छा नव्हती. बाबांना जाऊन वर्ष होत आलं होतं आणि त्यांच्या हातची ही एवढीच एक गोष्ट मागे उरली होती. एक जुनी मिनीबस घेऊन त्यांनी तिचं चालतंफिरतं घर केलं होतं. मागे दोन बर्थ, गॅसची शेगडी, घडीचं टेबल आणि पुढच्या दोन सीटांच्या मागे आडवा जाड पडदा. घरात सगळे तिला घरगाडीच म्हणत.

आता आईच्या डोक्यात खूळ शिरलं होतं. मावशीला शेजारी बसवून ती महिनाभर घरगाडीने फिरायला निघाली होती, आणि चालवणार ती स्वतः. आईने उभ्या जन्मात चालवली काय, तर छोटी गाडी, तीही बाजारापर्यंत. मावशीची सोबत म्हणावी तर ती बाई गाडीत बसल्या बसल्या डोळे मिटून घेणारी. हे सगळं ऐकून थोरलीच्या तोंडचं पाणी पळालं. तिने परस्पर गाडीला गिऱ्हाईकही बघून ठेवलं. आई दोन दिवस तिच्याशी बोलली नाही. शेवटी तडजोड झाली. थोरली गाडीला कॅमेरा लावून देईल, मग शेजारी बसून आईचा हात बघेल. हात पसंत पडला तर आईने खुशाल जावं, नाही तर गाडी विकायची आणि परत तो विषय काढायचा नाही.

कॅमेरा एवढासा होता, साबणाच्या वडीएवढा. काचेला चिकटवला की समोरचा रस्ता आणि आतला आवाज दोन्ही टिपणार. त्याची वायर सिगारेटच्या सॉकेटात खुपसली असती तर काम तिथेच संपलं असतं. पण लोंबकळती वायर थोरलीला खपत नसे, आणि गाडी बंद झाली की ते सॉकेटही बंद. रात्री दोघी मागे झोपलेल्या असताना कॅमेरा जागा राहायला हवा होता. तेव्हा वायर डॅशबोर्डच्या आतून नेऊन गाडीच्या मागच्या भागातल्या घरासाठी असलेल्या वेगळ्या बॅटरीला जोडायची, म्हणजे इंजिनच्या बॅटरीला धक्का लागणार नाही आणि सकाळी गाडी मुकाट्याने सुरू होईल.

मान वाकडी करून ती पडली होती आणि नाकात गाडीचा तो जुना वास भरत होता. रेक्झिन, तेल आणि थोडीशी धूळ. या वासाबरोबर तिला नेहमी वरचा बर्थ आठवायचा. ती आणि धाकटा भाऊ डोक्याला पाय लावून झोपायचे. दिवसा बाबा गाडी हाणायचे. ब्रेक असा करकचून दाबायचे की टेबलावरचे चमचे थेट पुढच्या सीटखाली. शेजारून आईचा घोष चालूच असायचा, थांबा, चला, थांबा. भाऊ आईला चिडवून कंडक्टर म्हणायचा. रात्री मात्र पडदा ओढला की गाडी अशी अलगद जायची, जसं कुणी मांडीवर थोपटतंय. रात्री बाबांचा हात बसतो, असं दोघांचं ठाम मत होतं. तशी झोप थोरलीला पुढे कुठल्याच बिछान्यात लागली नाही.

“अगं, झोपलीस की काय आत?” आई म्हणाली.

“सापडली वायर. तू जरा गप्प बस.”

मागच्या बॅटरीकडून येणाऱ्या दोन वायरी एका कोपऱ्यात नीट गुंडाळून ठेवल्या होत्या. एक लाल, एक काळी. कामावर ती हाताखालच्या लोकांना रोज दटावायची, रंगावर जाऊ नका, आधी मीटर लावा. मीटर पिशवीत होता आणि पिशवी हाताशीच होती. पण हे बाबांचं काम होतं. घड्याळातले केसाएवढे चाप बसवणारा माणूस दोन वायरींत काय चुकणार? तिने कॅमेऱ्याची काळी वायर त्या काळीला पिळली आणि दोन्ही बॉडीच्या स्क्रूखाली आवळल्या.

टक्‌ असा आवाज झाला आणि गाडीच्या मागच्या भागातला दिवा गेला.

“फ्यूज उडाला,” थोरली बाहेर येत म्हणाली. तिच्या नाकावर काळा पट्टा उमटला होता. “काळी म्हणजे मायनस. ती बॉडीला लावली आणि फ्यूज उडाला. असं कसं होईल?”

“रंग बघून जोडलीस होय?” आईने अशा सुरात विचारलं, जणू मुलीने भलताच अडाणीपणा केला असावा. “गाठी बघायच्या. एक गाठ प्लस, दोन गाठी मायनस.”

थोरलीने काळी वायर उजेडात ओढली. टोकाशी शिवणाचा दोरा घट्ट बांधलेला होता. त्याला एक गाठ. लाल वायरीच्या दोऱ्याला दोन. तिने आणखी दोन-चार वायरी बाहेर काढल्या. रंगांचा काही ताळमेळ नव्हता, पण दोरा प्रत्येकीला होता.

“हा काय प्रकार आहे, आई?”

आईने टॉर्च बंद करून मांडीवर ठेवला.

“तुझ्या बाबांना रंग कळायचे नाहीत. लाल त्यांना काळपटच दिसायचं आणि हिरवं मळकट. वायरी त्यांनी ओढल्या, गाठी मी मारल्या.”

“आम्हाला कधी बोलला नाहीत.”

“मला कुठे बोलले लग्नाआधी? त्यांना रेल्वेचं इंजिन चालवायचं होतं गं. डोळ्यांच्या तपासणीतून घरी पाठवलं. मग जन्मभर घड्याळं उघडत बसले. हे कुणाला कळू द्यायचं नाही, म्हणून मला शपथ घातली होती. आता शपथ घालणाराच गेला.”

थोरली गाठीवरून अंगठा फिरवत राहिली. थांबा, चला, थांबा. मग तिचा अंगठा थांबला.

“पण मग सिग्नल? दिवसाचं ठीक आहे, तू सांगायचीस. रात्री लाल दिवा त्यांना...”

“विझल्यासारखा दिसायचा. रात्री मी चालवायचे.”

थोरलीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. राग आला की गलबलून आलं, तिचं तिलाच सांगता येईना.

“सकाळी तर सीटवर बाबाच असायचे.”

“उजाडायच्या आत जागा बदलायचो. तुम्ही उठायच्या आधी.”

“आणि मी पडदा सारून त्यांना म्हणायचे...”

“बाबा, रात्री काय झकास चालवलीत,” आईने वाक्य पुरं केलं. “हे माझ्याकडे बघायचे आणि मान खाली घालायचे.”

“तुला राग नाही यायचा?”

“न यायला मी काय संत आहे? अंग नुसतं आंबून गेलेलं असायचं. पण तू असं म्हणालीस की त्यांचा चेहरा असा फुलायचा, की मग माझ्याच्याने काही बोलवायचं नाही.” ती उठली. “ते असू दे. फ्यूज बदल, आणि या खेपेला गाठी बघ.”

गाठी बघून जोडल्यावर कॅमेरा पहिल्याच फटक्यात सुरू झाला. थोरलीने मीटरही लावून बघितला. गाठी तंतोतंत बरोबर होत्या. पॅनेल बसवून तिने नाक पुसलं आणि किल्ली आईच्या हातात दिली.

“ठरलं ते ठरलं,” ती करड्या आवाजात म्हणाली. “मी हात बघणार.”

“बघ ना. कोण नको म्हणतंय?”

थोरली पट्टा आवळून परीक्षकासारखी ताठ बसली. आईने सीट पुढे ओढली, आरसा आपल्या उंचीला लावला आणि घरगाडी गल्लीबाहेर काढली. थोरलीचा पाय उगाचच नसलेला ब्रेक दाबत होता.

हँडब्रेक ओढल्याचा आवाज झाला तेव्हा तिने डोळे उघडले. समोर घराचं फाटक होतं.

“पोहोचलो,” आई म्हणाली. “मग, पास की नापास?”

“रेकॉर्डिंग बघून सांगते,” थोरली म्हणाली आणि घाईघाईने उतरली. तिच्या गालावर पट्ट्याचा वळ उठला होता.

चहा घेताना दोघी फोनवर रेकॉर्डिंग बघायला बसल्या. सुरुवातीला थोरलीचाच आवाज होता. आरशात बघ. गिअर बदल. तो ट्रक बघ, तो ट्रक. मग सूचना विरळ होत गेल्या. पूल आला, मागे गेला. “आई, डावीकडून जरा...” एवढं ऐकू आलं आणि पुढचं आलंच नाही. त्याऐवजी आलं ते घोरणं, चांगलं खर्जातलं. आईने तोंडावर हात दाबला. थोरलीलाही हसू फुटलं.

पडद्यावर एक गतिरोधक आला. घरगाडी हळू झाली आणि त्यावरून इतकी जपून उतरली की घोरण्यात खंडही पडला नाही. मग आईचा आवाज आला, बारीक, मागे कुणी उठू नये अशा बेताने काढलेला.

“अहो, झोपली.”

गिअर पडला आणि रस्ता पुढे सरकू लागला.

थोरलीने फोन पालथा ठेवला. आई तेवढ्यात उठून कपबशा गोळा करू लागली होती. अर्धा चहा तसाच असलेला थोरलीचा कपही तिने उचलला.

“मावशीला म्हणावं, बॅग भर,” थोरली म्हणाली. “गिऱ्हाइकाला मी नाही म्हणून कळवते.”

“तिची बॅग केव्हाचीच दारात आहे.”

“आणि रात्री मात्र...” थोरलीने सुरुवात केली आणि थांबली.

आई हातात कपबशा घेऊन दारात उभी राहिली. “रात्री काय?”

“काही नाही,” थोरली म्हणाली. “रात्री रस्ते मोकळे असतात.”