आइस्क्रीमच्या पॉटवरचा आळ

मी एक जुना आइस्क्रीमचा पॉट आहे, आणि मी गळत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण माझ्यावर तसा आळ आला होता. तोही माझ्या मालकानेच घेतला होता.

मित्रांनो, माझं पिंप सागाच्या फळ्यांचं आहे. पोटात आइस्क्रीमचा डबा, त्याच्याभोवती बर्फ आणि जाडं मीठ, आणि बाजूला हँडल. माझे मालक गंगाराम बोटीवर खलाशी होते, तेव्हा त्यांनी मला मुंबईहून रत्नागिरीला आणलं. मग काय, आळीत कुणाचंही लग्न असो, मला बोलावणं असायचंच. आदल्या दिवशी गंगाराम मला विहिरीवर नेऊन पाण्याने भरून ठेवायचे. सुकलेल्या फळ्या पाणी पिऊन फुगतात आणि फटी बुजतात. दुसऱ्या दिवशी आंब्याचा रस आणि आटवलेलं दूध डब्यात गेलं की हँडल फिरू लागायचं. आइस्क्रीम घट्ट होत आलं की मी जागचा हलायचो. मग गंगाराम माझ्यावर गोणपाट टाकून लहानग्या लेकीला, मृणालीला, वर बसवायचे. तिच्या वजनाने मी गप्प बसायचो. तिच्या लग्नातही आपणच फिरवणार, असं ते तिला दर वेळी सांगायचे. लोक बोटं चाटत राहायचे. मला त्याचा गर्व होता, खोटं कशाला बोलू?

१९९९ च्या मे महिन्यात मृणालीचं लग्न ठरलं. नवरा मुलगा हर्षद लांज्याचा. त्याच्या घरच्यांना रिसेप्शनला केक हवा होता. पडवीत बैठक बसली. केक दोन मजली की बदामाच्या आकाराचा, अननसाचा की चॉकलेटचा, यावर बराच खल झाला. हर्षदच्या आत्याला अंडं चालत नव्हतं, म्हणून बिनअंड्याचा, अननसाचा ठरला. सोबत बाबांचं आइस्क्रीम, असं मृणाली म्हणाली. कोपऱ्यात माझी छाती फुगली.

तेवढ्यात गंगाराम म्हणाले, "नको. पॉट गळतो. बेकरीतून विटा मागवू आइस्क्रीमच्या."

खरं काय ते त्यांच्याखेरीज मला एकट्याला ठाऊक होतं. आदल्या वर्षी गंगारामांना अर्धांगाचा झटका आला होता. ते बरे झाले, चालू लागले, हात हलवू लागले, आणि सगळ्यांनी देवाला नारळ दिला. पण शिमग्याच्या सुमारास, घरात कुणी नसताना, त्यांनी मला बर्फाने भरून पाहिलं होतं. हँडल थोडं फिरलं आणि अडकलं. उजव्या हाताने होईना, डाव्याने होईना. ते माझ्याशेजारी जमिनीवर बसून राहिले. मग बर्फ अंगणाच्या दगडी गडग्यापलीकडे ओतून दिला आणि मला पुसून जागेवर ठेवलं. मला तोंड असतं तर मी बैठकीत ओरडून सांगितलं असतं.

त्यांच्या बायकोने, जनीने, खात्री करायला माझ्यात पाणी ओतलं. फळ्या उन्हाळ्याने वाळलेल्या. पाणी चहूकडून वाहू लागलं. झालं, मला भंगारात द्यायचं ठरलं. सासरच्यांपुढे बाबांना या पॉटची लाज वाटते, दिलेला शब्दही ते विसरले, असं मृणालीने मनात घेतलं. ती त्यांच्याशी बोलेनाशी झाली. लग्नघर होतं, पण बाप-लेक एकमेकांकडे पाहतही नव्हती. ते दिवस मला आजही आठवायला नकोत.

भंगारवाला येणार, त्याच्या आदल्या दिवशी मृणालीने मला विहिरीवर नेऊन धुतलं आणि जुन्या सवयीने भरून ठेवलं. सकाळी पाहते तर एक थेंब गळत नव्हता. फळ्या फुगल्या की गळती थांबते, हे तिला ज्यांनी शिकवलं, त्यांनाच ते ठाऊक नाही?

गंगाराम तोंड धुवायला आले, तेव्हा तिने विचारलं, "बाबा, खोटा कशाला बोललात?"

त्यांनी उजवा हात पुढे केला. "जोर नाय ऱ्हायला गो बाय यात. भर मांडवात हँडल अडकला, तर तुज्या सासरच्यांसमोर कुटं बघू?"

तिने तो हात धरून ठेवला. दोघंही रडली.

रिसेप्शनच्या दिवशी दुपारी, मांडवामागे, हिरवा चुडा भरलेल्या हातांनी तिने माझं हँडल धरलं. आइस्क्रीम घट्ट होऊ लागलं तसा मी हलू लागलो. तिने गोणपाट टाकलं आणि म्हणाली, "बाबा, आता तुमी वर बसा."

गंगाराम बसले. पण आजाराने ते इतके हलके झाले होते की मी गप्प बसेना. मृणालीला ते कळलं. तिने आपला पाय माझ्या कडेला रोवला आणि हँडल फिरवत राहिली. वर बसलेल्या माणसाला वाटलं, आपल्याच वजनाने पॉट थांबलाय.

संध्याकाळी केक कापला गेला, टाळ्या पडल्या. आइस्क्रीम जरा पातळच झालं होतं, पण संपलं.

आता गंगाराम नाहीत. मी माळ्यावर कोरडा पडून आहे. मित्रांनो, एखादी जुनी वस्तू गळते असं घरात कुणी म्हणालं, तर टाकण्याआधी ती एक रात्र पाण्याने भरून ठेवा. आणि गळते असं जो म्हणाला असेल, त्याचा हात एकदा हातात घेऊन बघा.