अर्जुनावरची गिधाडं

मेलेल्या शेळीच्या चिरलेल्या पोटात नेमसिंग कागदाच्या पुडीतली विषारी पावडर भरत होता. नाल्याच्या अलीकडे चित्र काढत बसलेल्या बळीरामाला ते दिसलं, तसा तो ब्रश खाली ठेवून धावत गेला.

"हे कायले करून राह्यले, नेमसिंगभाऊ?"

"लांडग्यानं तीन शेळ्या मारल्या तांड्यातल्या. आता खाईन आन मरन."

"लांडग्याच्या आधी गिधाडं उतरतीन."

"उतरू दे. गिधाडं मेले त कोन रडते?"

बळीरामाने वर पाहिलं. नाल्याकाठच्या अर्जुनाच्या झाडाच्या शेंड्यावर काटक्यांचं घरटं होतं, त्यात महिन्याभराचं पिल्लू. आभाळात चार गिधाडं घिरट्या घालायला लागलीही होती.

बळीराम घाटंजीत दुकानांच्या पाट्या रंगवायचा. दुसऱ्या महायुद्धात तो फौजेचा ट्रक ड्रायव्हर म्हणून आफ्रिकेला गेला होता. इरिट्रियाच्या डोंगरात ट्रक बंद पडून तीन दिवस अडकला, तेव्हा करमेना म्हणून पेन्सिलीने समोरची पाखरं काढत बसला. आखूड शेपटीचा, लाल तोंडाचा गरुड. कड्यावर बसणारं दाढीवालं गिधाड. तेव्हापासून नाद लागला तो लागलाच. ती सगळी पाखरं घरी येऊन त्याने रंगांत काढली. मग इथली गिधाडं काढायला घेतली, आणि घरात कुरबुर सुरू झाली.

त्याचा बाप गावची मेलेली ढोरं ओढायचा. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर वस्तीने ते काम सोडलं, त्याला आता पाच वर्षं झाली होती. बायको प्रभावती म्हणायची, "ते काम सुटलं ना आपलं? मंग त्याच पाखराच्या मागं काहून लागले तुमी?"

"काम लोकायनं लादलं होतं," तो म्हणायचा. "पाखरानं नाई."

तिला ते पटत नसे. ती चित्रांकडे बघतही नसे.

"पुरून टाका ही शेळी," बळीराम म्हणाला. "लांडग्यासाठी बाभळीच्या काट्याचं उंच कुंपन घालू. मी येतो संगं."

नेमसिंगने पुडीचा कागद चुरगाळला. "इतकी माया हाय पाखराची त तूच ओढ. तुमच्याच लोकायचं काम व्हय ते."

एक गिधाड पलीकडच्या बांधावर उतरलं, मान आखडून बसलं. बळीरामाने ढेकूळ फेकलं, तसं ते जड पंखांनी उठलं आणि पुन्हा तिथेच बसलं.

"ओढनार नाई," तो शेवटी म्हणाला. "शेळी तुमची हाय, तुमीच ओढा. खड्डा मी खोदतो. शेजारी म्हनून."

त्याने बांधावरची कुदळ उचलली आणि कुणाची वाट न पाहता खोदायला लागला. जमीन दगडाळ होती. हाताला फोड आले. गिधाडं जवळ सरकली की कुदळ टाकून हाकलायला धावायचं, परत येऊन खोदायचं. नेमसिंग नुसता बघत उभा होता.

नेमसिंगची बायको मोतीबाई मघाशी नाल्यावर घागर भरत होती. तिने शेवटचं बोलणं ऐकलं होतं. खड्डा झाला, तशी पुढे येऊन तिने शेळीचे मागचे पाय धरले.

"धरा ना," ती नवऱ्याला म्हणाली. "आपल्या शेळीले हात लावायची लाज वाटते काय?"

नेमसिंगने पुढचे पाय धरले. शेळी खड्ड्यात गेली, वर माती आणि दगड पडले.

पुढचे आठ दिवस बळीराम पाट्यांचं काम संपलं की तांड्यावर जाऊन काटे रचायचा. नेमसिंग फारसं बोलत नसे, पण तिसऱ्या दिवसापासून बाभळी तोडून तयार ठेवायला लागला. लांडगा दोनदा आला आणि कुंपण हुंगून गेला.

होळीनंतर एका सकाळी प्रभावती बळीरामाची विसरलेली भाकर घेऊन नाल्यावर आली. पिल्लू घरट्याच्या काठावर पंख पसरून उभं होतं, शेजारच्या फांदीवर त्याची माय बसली होती. वारा आला, ते डगमगलं, खाली झुकलं आणि मग सावरत नाल्यावरून पलीकडच्या झाडापर्यंत गेलं.

मग ती त्याच्या मागे उभी राहून प्रथमच त्याच्या चित्रावर वाकली.

"मायच्या मानेखाली पांढरी लव हाय," ती म्हणाली. "तुमी सारं करडंच काढलं."

बळीरामाने वर पाहिलं. खरंच होतं. त्याने ब्रश पाण्यात धुतला.