चागोस बेटांबद्दल मंडळाचा ठराव

गुरुवारी चागोस बेटं मॉरिशसला परत देण्याच्या करारावर ब्रिटनने सही केली आणि शुक्रवारी, म्हणजे आखातातल्या सुट्टीच्या दिवशी, दुपारी ओल्ड एअरपोर्ट भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये मराठी मंडळाची कार्यकारिणी जेवायला जमली. जगात एवढी उलथापालथ झाल्यावर मंडळाने गप्प बसून कसं चालेल?

आमचे हे, म्हणजे गोविंदराव, मंडळाचे अध्यक्ष. दुसऱ्यांदा मसालेभात वाढेपर्यंत त्यांनी ब्रिटनला माफ करून टाकलं होतं. हेमचंद्र भाऊजी मात्र पेटले होते. "लंडनला चांगलं खडसावलं पाहिजे!" म्हणत त्यांनी लंडनच्या रागाने माझी कोशिंबीर चिवडली.

शेवटी ठराव झाला. वरच्या मजल्यावरची जोसेलिन मॉरिशसची, तेव्हा शाल-श्रीफळ देऊन तिचा सत्कार. तिला आधी विचारावं असं कुणाच्याच डोक्यात आलं नाही. सत्कारमूर्तीला विचारण्याची आपल्यात पद्धतच नाही.

मी तिला बोलावून आणलं. यांनी तिला शाल पांघरवली, हातात नारळ दिला, फोटो झाला. "आता तुमची माणसं घरी जाणार!" हे इंग्रजीत म्हणाले. टाळ्या पडल्या.

"माझी आई चागोसमधल्या दिएगो गार्सिया बेटावरची," जोसेलिन शांतपणे म्हणाली. "तिथे लष्करी तळ आहे. ते बेट अजून नव्व्याण्णव वर्षं ब्रिटनच्याच ताब्यात राहणार. आई बहात्तरची आहे." तिने नारळ हातात फिरवून पाहिला. "ती तिथे नारळच सोलायची. मग एक दिवस तळासाठी ब्रिटिशांनी सगळ्यांना बोटीत घालून हाकललं. आजोबांची कबर तिथेच राहिली. आईला ती एकदा बघू द्या, असा अर्ज आम्ही दोन्ही सरकारांना करतोय. तुम्ही सह्या द्याल?"

तिने पर्समधून कागद काढला. लंडनला खडसावणारे भाऊजी चपला शोधायला लागले. "वहिनी, खलास, उशीर झाला!"

"सॉरी, आम्ही इथे व्हिसावर आहोत," हे तिला म्हणाले. "आमचं मंडळ राजकारणात पडत नाही."

दोन तास राजकारणच तर चाललं होतं, माझ्याच टेबलावर. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी कागद पुढे ओढला.

"जयमाला, माझं नाव कुठे येता कामा नये हं!" हे मराठीत कुजबुजले.

"तुमचं कशाला येईल?" मी म्हटलं, आणि लग्नापासून सगळ्या कागदांवर करते तशीच ठसठशीत सही केली: जयमाला गोविंद नाखरे.