न धुतलेलं कापड

या मित्रांनो, असे जवळ या. माझ्या काचेला नाक लावून बसलात तरी चालेल. एका मूठभर जिवाची गोष्ट सांगते, कान देऊन ऐका.

मी एक जुनी काचपेटी आहे. दिवस भरण्याआधीच जन्मलेल्या बाळांना मी ऊब देत असे. मला घडवणाऱ्या कारागिराने माझी दारं पुन्हा पुन्हा उघडून मिटून पाहिली आणि म्हणाला, "आवाज करू नकोस हं बाई, आत लेकरं झोपायची आहेत." माझ्या दारांनी तो शब्द पाळला.

इस्पितळात माझ्या कुशीत कितीतरी बाळं वाढली. त्यांतली एक फारच इवलीशी. थोरल्या सिस्टरांनी तिचं नावच 'मूठभर' ठेवलं. तिची आई शिवणकाम करायची. कसलंही सुळसुळीत कापड तिच्या बोटांखाली मुकाट बसे. पण लेकीसमोर तेच हात थिजायचे. मूठभर मधूनच श्वास घ्यायला विसरायची. माझी घंटा वाजायची, सिस्टर तिच्या तळव्याला टिचकी मारायच्या, आणि आई भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. "माझा हात लागला आणि काही झालं तर?" एवढंच म्हणायची.

सिस्टरांची एक रीत होती. मऊ कापडाचा तुकडा आईने रात्रभर छातीशी धरायचा आणि सकाळी तो बाळाच्या गालाखाली ठेवायचा. त्या वासात नाक खुपसून मूठभर निवांत झोपे. आईला वाटे, एवढं पुरे.

एकदा आईने रात्रभर छातीशी धरलेलं कापड घेऊन आली मूठभरची आत्या. आत्याने धुतली-पुसली नाही अशी वस्तू त्यांच्या घरात नव्हती.

"वहिनी, कडकडीत पाण्यात उकळलंय, उन्हात वाळवलंय. डाग सापडला तर नाव बदला माझं!"

सिस्टरांनी कापड हुंगलं आणि कपाळाला हात लावला. "अहो आत्याबाई, डाग कसला शोधता? तुम्ही यातली आईच धुऊन आणलीत!"

मित्रांनो, त्या दिवशी मूठभरने मान इकडे वळवली, तिकडे वळवली. शोधशोध शोधलं. मग जी रडायला लागली, ती थांबेना. दूध घेईना. माझी घंटा पुन्हा पुन्हा वाजू लागली. मी माझी सारी ऊब दिली हो. पण माझ्यापाशी वास नव्हता, काळजाचा ठोका नव्हता.

डॉक्टर आले. सगळं ऐकून म्हणाले, "कापडाची वाट कशाला बघताय? आई इथेच आहे ना?"

"नको, पडेल माझ्या हातून!"

"छातीवर ठेवायचंय गं," सिस्टर म्हणाल्या, "चेंडूसारखं झेलायचं नाही."

रडता रडता आईला हसू फुटलं. तेवढ्यात सिस्टरांनी मूठभरला तिच्या उघड्या छातीवर ठेवलं, वर पांघरूण घातलं. लेकीने गाल टेकला. एक उसासा टाकला. आईचा श्वास वर, तिचाही वर. आईचा खाली, तिचाही खाली. थिजलेले हात आपोआप तिच्या पाठीवर आले. माझी घंटा गप्प झाली. रिकामी असूनही मी इतकी भरलेली कधीच नव्हते. देवा, तुझे उपकार!

मग रोज तेच चाललं. आई गुणगुणायची, मूठभर टकामका तिच्या डोळ्यांत बघायची, आणि बघता बघता अंगाने भरली.

आता माझी कडी तुटली आहे, मी अडगळीच्या खोलीत आहे. मध्यंतरी एक मुलगी सिस्टरांना भेटायला आली. नवी शाळा, नवे बूट. धावता धावता माझ्या खोलीच्या दाराशीच आपटली. रडत आईकडे गेली, छातीवर तीच जुनी जागा शोधून गाल टेकला, आणि क्षणात पुन्हा पळाली, नवं काहीतरी बघायला! आई जागेवर आहे म्हटल्यावर तिला कशाची भीती?

मागून आत्या आली. माझ्या काचेवरची धूळ बघून तिला राहवेना. रुमाल काढून पुसू लागली. "घरातलं सगळं धुते मी," ती सिस्टरांना म्हणाली, "पण त्या दिवसानंतर वहिनीने छातीशी धरलेलं कापड मी अजून तसंच ठेवलंय. त्याला पाणी लावायचा धीर होत नाही."

मित्रांनो, घरी जाल तेव्हा तुम्हाला पहिल्यांदा छातीशी कुणी धरलं होतं, ते विचारा. आई असेल, आजी असेल, नाहीतर कुणी परकं माणूसही असेल. त्या माणसाची आठवण ठेवा. आणि ते जवळ असेल, तर आज एकदा गाल टेकून या.