वहिनीचा आकाशातला तुकडा

माझी वहिनी हुशार आहे, पण एका बाबतीत तिचं डोकं फिरलेलं आहे, असं मी वर्षानुवर्षं सगळ्यांना सांगत आले. परग्रहावरचे कुणी शहाणे जीव पृथ्वीवर येऊन गेलेत आणि त्याचा पुरावा आपल्याच हाती लागणार, हे तिचं वेड. आम्ही दोघी एकाच प्रयोगशाळेत धातू तपासायचो. म्हणजे घरीही नणंद-भावजय आणि इथेही तेच.

तिचा एक नियम होता. आपल्याला मोठं काही सापडलं, की आपल्याला खोटं पाडायला जो सगळ्यात टपलेला असेल, त्याच्याच हातात ते द्यायचं. म्हणून स्वतःच्या निवृत्तीच्या आठवड्यात तिने समुद्रकिनारी सापडलेला एक करडा तुकडा माझ्या टेबलावर ठेवला.

"वन्सं, यातल्या मॅग्नेशियमच्या हलक्या-जड अणूंचं प्रमाण पृथ्वीवर कुठेच बसत नाही. हे कुणीतरी दुसरीकडे घडवलंय. उद्या पत्रकार येतायत. काढा खोट."

काढते की, म्हटलं, आणि हात धुऊन मागे लागले.

आमच्या मोजणीत एक द्रावण लागतं. त्यातल्या मॅग्नेशियमच्या अणूंचं हेच प्रमाण मुद्दाम बदललेलं असतं. त्याचा अंश भांड्याला चिकटून राहिला, तर घरचं मांजरसुद्धा परग्रहावरचं ठरेल. मी तुकड्याचा नवा कण कोऱ्या भांड्यात विरघळवला. आकडे आले ते अगदी आपल्या पृथ्वीचेच. मग वहिनीचं भांडं तपासलं, तर त्यात तेच द्रावण निघालं. बाई घाईत जुनं भांडं वापरून बसली होती.

मला आनंदाच्या उकळ्या फुटायला हव्या होत्या. उलट मी आणखी एक कोरं भांडं घेतलं. मी पुन्हा कण काढला, पुन्हा मोजला. तुकडा काही ऐकेना.

सकाळी तिला सांगितलं. ती खुर्चीत बसली आणि माझे आकडे तपासू लागली.

"पत्रकारांना नको म्हणून कळवू का?" मी विचारलं.

"कशाला? येऊ देत."

आणि भरल्या खोलीत तिने स्वतःच सांगितलं, भांडं माझं, चूक माझी. मागे कुणीतरी फिदीफिदी हसलं. मला असा संताप आला, की त्याला बकोटीला धरून बाहेर काढावं.

"म्हणजे ते आलेच नाहीत?" एका पत्रकाराने विचारलं.

"या तुकड्याबरोबर नाही आले. मला एवढंच माहीत आहे, त्यामुळे एवढंच सांगते."

मला तिचा इतका अभिमान वाटला, की डोळे भरून आले.

खोली रिकामी झाल्यावर ती म्हणाली, "झालं ना समाधान, वन्सं?"

"नाही. काल तू खरी ठरावीस म्हणून पुन्हा पुन्हा मोजत होते. अर्धा तुकडा संपवला मी."

ती माझा हात धरून म्हणाली, "म्हणजे तुम्हीही कामातून गेलात. आता मला खोटं पाडायला माणूस कुठून आणू?"