काखेतला नॅपकिन

शप्पथ घेऊन सांगते, यातला शब्दन्‌शब्द खरा आहे. खोटं निघालं तर माझे उरलेले चार दात आत्ताच्या आत्ता तुमच्या ओंजळीत पडू देत!

तर त्या संध्याकाळी माझ्या हातून पातेलं पडलं आणि आमचे हे जेवता जेवता एकदम टेबलाखाली गेले.

"अहो, पातेलं आहे ते!"

"मला वाटलं, चेंडू आला," टेबलाखालून उत्तर आलं.

हसू नका. नोकरीच तसली होती. गोल्फच्या सरावाच्या मैदानात लोक रांगेनं हिरव्या चटयांवर उभे राहायचे आणि काठीनं चेंडू हाणायचे. ते गोळा करायला मैदानात ट्रॅक्टर फिरायचा, ट्रॅक्टरभोवती लोखंडी जाळीचा पिंजरा, आणि पिंजऱ्यात आमचे हे. सकाळी सात ते संध्याकाळी सहा. त्यांच्यासाठी कुणी हाणायचं थांबत नसे. उलट पिंजऱ्यावर नेम धरण्यातच लोकांना मजा. यांना सगळे पोपटच म्हणायचे. डावा कान कधीच गेला होता, आता उजवाही कुरकुरायला लागला होता.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आणखी वर्षभर त्या आवाजात बसलात, तर बायकोची बडबड ऐकू यायची नाही."

"मग बसतोच," हे म्हणाले. पण घरी येताना वाटभर मला उजव्या बाजूनंच चालायला लावलं.

त्याच सुमाराला मैदानावरच्या काठ्यांच्या खोलीत एक जागा रिकामी झाली. काठ्या पुसायच्या, मुठी बदलायच्या. वर पंखा, खाली खुर्ची, आणि आवाज म्हणाल तर घड्याळाचा. जागा द्यायची मोठ्या साहेबांच्या हातात. पण साहेबांची स्वतःचीच पंचाईत झालेली. त्यांचा चेंडू निघायचा झोकात आणि मध्येच केळ्यासारखा उजवीकडे वळून कुंपणाबाहेर जायचा. पाठीमागं सगळे त्यांना केळेसाहेब म्हणायचे. चेंडू उजवीकडे जातो म्हणून ते आणखी डावीकडे तोंड करून उभे राहायचे, की तो आणखीच उजवीकडे! एकदा तर शेजारच्या गल्लीत न्हाव्याच्या दुकानात शिरला आणि गिऱ्हाइकाची अर्धी मिशी घेऊन बाहेर पडला.

शेवटी साहेबच पिंजऱ्यापाशी आले. "पोपट, इतकी वर्षं मला समोरून बघतोयस. माझं चुकतं काय रे?"

"कोपर, साहेब. काठी खाली आणताना तुमचं उजवं कोपर बरगडी सोडून पळतं. मग काठी बाहेरून आत येते आणि चेंडूला तिरकं कापते."

"मग कर मला सरळ. रविवारच्या सामन्यात चेंडू कुंपणाच्या आत राहिला, तर काठ्यांची खोली तुझी."

आता पळणारं कोपर धरून ठेवायचं कसं, ते यांना सुचेना. मी गच्चीत दोरीवरची सतरंजी काठीनं बडवत होते. दोन्ही हात गुंतलेले, म्हणून नॅपकिन काखेत दाबलेला. हे बघतच राहिले.

"अगं, तो नॅपकिन पडत कसा नाही?"

"पडला तर तुम्ही उचलणार आहात का?"

दुसऱ्या दिवशी माझा तोच निळ्या चौकड्यांचा नॅपकिन साहेबांच्या उजव्या काखेत! नॅपकिन पडला की फटका चुकला. आधी अर्धाच फटका, मग पुरा. तुम्हाला वाटेल, म्हातारीनं नॅपकिन मध्येच घुसडला. नाही हो! नॅपकिन खरा आहे.

चौथ्या दिवशी तो काखेतून हलला नाही. चेंडू सुतासारखा सरळ आला. सरळ म्हणजे कुठं? पिंजऱ्यावर. टण्‌!

रविवारी साहेब जिंकले. सोमवारी मी यांना इस्त्रीचा शर्ट दिला, खुर्चीत बसायचं ना आता! संध्याकाळी हे परत आले तर शर्टाच्या पाठीवर जाळीच्या गंजाचे चौकोन.

"काय म्हणाले साहेब?"

"म्हणाले, तुला बाहेर काढलं तर मला समोरून बघणार कोण?"

"आणि तुम्ही ऐकून घेतलंत?"

"काय करू? पिंजऱ्याची कडी बाहेरून आहे."

मग पुढं अकरा वर्षं. साहेबांचं बघून सगळ्यांनीच काखेत नॅपकिन धरले. हे जाळीतून हात काढून खुणा करायचे. मूठ म्हणजे जमलं, पंजा म्हणजे कोपर सुटलं. सगळ्यांचे चेंडू सरळ झाले, आणि सगळे सरळ यांच्यावरच. दुसऱ्या वर्षी उजवा कानही गेला. घरात पातेलं पडलं तरी हे आपले शांतपणे जेवत राहायचे.

नोकरीच्या शेवटच्या दिवशी मीही मैदानावर गेले होते. साहेबांनी यांच्या हातात काठी दिली आणि खुणेनं म्हणाले, आज तू हाण. यांनी नॅपकिन काखेत धरला, कोपर बरगडीला लावलं आणि असा फटका मारला, असा फटका, की चेंडू कुंपणावरून, पाण्याच्या टाकीवरून, थेट ढगात. अजून खाली आलेला नाही.

बरं बाई, दात हलायला लागले, म्हणून सांगते. हा फटका तेवढा माझ्या पदरचा.

हे चटईवर उभे राहिले, काठी वर उचलली, एवढं खरं. मैदान या बाजूनं हे पहिल्यांदाच बघत होते. समोर ट्रॅक्टर फिरत होता. पिंजऱ्यात नवा माणूस, मान खाली घातलेला. हे बराच वेळ तसेच उभे. मग काठी साहेबांना परत दिली आणि चेंडू उडत असतानाच मैदानात चालायला लागले. त्यांना बघून रांगेतला एकेक जण थांबला. ट्रॅक्टरही थांबला.

यांनी बाहेरची कडी काढली.