तेवीस नंबरची खुंटी

"दादा, जाकीट उलटं घातलंत. असे पडलात तर पाठ वर आणि तोंड पाण्यात!"

जाकीटबाई हे इतक्या थंडपणे म्हणाल्या की त्या धिप्पाड पाहुण्याने गपकन जाकीट काढून सुलटं केलं. त्याची बायको खो खो हसली. "राहू द्या हो उलटं. तोंड जरा वेळ बंद तरी राहील!"

सकाळचे नऊ वाजले होते, तलाव नुसता चकाकत होता आणि धक्क्यावर सगळी सुट्टीच उतरली होती. गवती टोप्या, दुर्बिणी, नाकाला पांढरं मलम फासलेल्या दोन आत्या, पोहायच्या रबरी चाकात अडकून बसलेलं एक गुटगुटीत बाळ. समोर पाण्यापलीकडे बेट. हिरवंगार, मागे बांबूचं बन, पुढे पिवळ्या वाळूची कोर, आणि झाडाझाडांना बांधलेले दोरीचे झोपाळे. सगळ्यांना तिकडे जायची घाई होती, आणि बाईंच्या हातून जाकीट चढवून घेतल्याशिवाय तिकडे कुणालाच जाता येत नसे.

जाकिटांची खोली पत्र्याची. भिंतीवर चाळीस खुंट्या, प्रत्येकीवर रंगवलेला आकडा आणि आकड्याखाली नारिंगी जाकीट. चाळीस खुंट्या होत्या खऱ्या, पण जाकिटं एकोणचाळीसच.

"तेवीस कुठाय?" बाळाच्या ताईने विचारलंच. लहान मुलांना नेमकं नसलेलं दिसतं.

"तेवीस रजेवर आहे!" बाहेरून कप्तान ओरडले. कप्तान म्हणजे लाँच चालवणारे. त्यांचं पोट एवढं की लाँच हाताने वळते की पोटाने, यावर धक्क्यावर पैजा लागायच्या. "अकरा वर्षं रजेवर! कुणी पगार कापेल तर शपथ!"

सगळे हसले. हे उत्तर कप्तान रोज देत, आणि रोज घाईघाईने देत, कारण बाईंना ते द्यावं लागू नये. बाईंनी चोविसावं जाकीट ताईच्या अंगात घातलं आणि पट्टा असा आवळला की ती "आई गं" म्हणाली.

त्या दिवशी धक्क्यावर एक नवं मशीनही आलं होतं. अरुंद वाटेच्या दोन्ही बाजूंना दोन खांब, मध्ये आरपार एक लाल किरण. किरण तुटला की आकडा एकाने पुढे. जातानाचं दार वेगळं, येतानाचं वेगळं. नवे साहेब त्याच्याभोवती नव्या नवऱ्यामुलासारखे फिरत होते.

"एकेकाने या. बॅग हातात पुढे धरू नका, पाठीला लावा. नाहीतर बॅगेलाही माणूस समजतं ते."

"मग माझं कसं व्हायचं साहेब?" कप्तान म्हणाले. "माझं पोट आधी येतं, मी मागून येतो. दोघांना वेगवेगळं धरलं तर जेवण दोघांचं मिळणार का?"

साहेबांना हसू आलं, पण त्यांनी ते गिळलं. वय जेमतेम तिशीचं. हसणं परवडत नसावं. ते बाईंकडे वळले.

"ताई, आजपासून झेंडा या आकड्यावर उतरेल. गेले तेवढे आले की बेट बंद. आणि ती तुमची संध्याकाळची रिकामी फेरीही बंद. नियमात ती कुठेच नाही."

बाईंच्या हातात ओलं जाकीट होतं. त्यांनी ते पिळलं. जाकीट कुणी पिळत नाही, पण त्यांनी पिळलं.

ती फेरी म्हणजे काय हे धक्क्यावर सगळ्यांना ठाऊक होतं.

बेटावर माणूस असेतो धक्क्यावर लाल झेंडा वर असतो. पूर्वीचा नियम सोपा होता: संध्याकाळी चाळीसही खुंट्या भरल्या की माणसं परत आली, झेंडा खाली. अकरा वर्षांपूर्वी एक मुलगी चार दिवसांच्या सुट्टीला एकटीच आली होती. बगळ्यांची चित्रं काढायला. अंगात पांढरा सदरा, कानामागे पेन्सिल. रोज तेवीस नंबरचंच जाकीट मागायची. "याचाच पट्टा मला नीट बसतो, मावशी." तिसऱ्या दिवशी उकाडा मरणाचा होता. तिने जाकीट काढून फांदीला अडकवलं आणि बांबूच्या बनामागे जाऊन बसली चित्र काढत. शेवटच्या लाँचच्या वेळी एका भल्या पाहुण्याला ते फांदीवर दिसलं. कुणीतरी विसरलं वाटतं, असं म्हणून त्याने उचललं, इकडे आणलं, आकडा शोधून स्वतःच्या हाताने खुंटीला लावलं. बाई त्याला वर "आभारी आहे" म्हणाल्या.

चाळीस खुंट्या भरलेल्या. बाईंनी झेंडा उतरवला.

उतरवता उतरवता त्यांनी बेटाकडे पाहिलंही होतं. वाळूवर काहीतरी पांढरं हललं. बगळा, त्या मनात म्हणाल्या, आणि दोरीला गाठ मारली.

ती दुसऱ्या दिवशी सकाळी सापडली. धक्का आणि बेट यांच्या बरोबर मध्ये, जलपर्णीत.

कुणी बाईंना बोल लावला नाही. चौकशीत नियम पाळल्याचंच निघालं. कुणी भांडलं असतं तर बरं झालं असतं, उलट भांडता तरी आलं असतं! तेव्हापासून बाई घरीही दाराला कडी लावताना आधी चपला बघत, मग स्वतःचाच संताप येऊन घरातले चेहरे बघत. भाऊ, वहिनी, भाची. भाची म्हणायची, "आत्या, इथेच आहे गं मी, किती वेळा बघशील!" आणि रोज झेंडा उतरवण्याआधी त्या लाँचने बेटावर एक रिकामी फेरी मारत. कप्तान कुरकुरत, आणि नेत.

त्या संध्याकाळी सहाला मशीनवर आकडे आले. गेले अडतीस, आले अडतीस. साहेबांनी स्वतः झेंडा उतरवला.

बाईंनी पलीकडे पाहिलं. वाळूच्या टोकाला काहीतरी पांढरं उभं होतं.

"साहेब, तिथे कुणीतरी आहे."

"बगळा आहे ताई."

"दिसतोय तसाच."

"अहो, आकडे जुळलेत ना!"

"त्या दिवशीही जुळले होते."

साहेबांनी पुन्हा आकड्यांकडे पाहिलं. मग म्हणाले, "लाँच नाही निघणार. नियम म्हणजे नियम." आवाजात मात्र सकाळची ऐट नव्हती.

बाई खोलीत गेल्या. कोपऱ्यातल्या पेटीतून त्यांनी एक जाकीट काढलं. नीट घडी घातलेलं, स्वच्छ, पाठीवर तेवीस. ते काखोटीला मारलं आणि त्या धक्क्याच्या कडेला गेल्या, जिथे पायडलच्या हंसहोड्या बांधलेल्या असतात. त्यातल्या चोच तुटलेल्या हंसाची दोरी त्यांनी सोडली, साडी खोचली, आणि दुखऱ्या गुडघ्यांनिशी आत बसून पायडल मारायला लागल्या.

हंस जागच्या जागी गोल फिरला. पुन्हा गोल फिरला.

"अहो बाई!" कप्तान धावत आले. "एका बाजूने मारून तो पुढे जाईल होय? नाचतोय नुसता!"

"मग बघत काय उभे राहिलात?"

"या वयात हंसात बसायचं आता मी? बायकोला कळलं तर घरात घेणार नाही!" असं म्हणत ते बसलेसुद्धा, आणि हंस त्यांच्या बाजूने चांगला हातभर खाली गेला.

निघाले. पाणी दिवसभराच्या उन्हाने कोमट होतं आणि वरून काळं पडत चाललं होतं. पाणकावळे ओंडक्यांवर पंख पसरून गप्प. पायडल कुरकुरत होतं. जलपर्णीपाशी, मधोमध, बाईंचे पाय थांबले. कप्तानांनीही थांबवले. ते रोजच थांबत, इंजिन बंद करून. मग पुन्हा निघाले.

वाळूला लागताच ते पांढरं उडालं. बगळाच होता. लांब, सावकाश, बांबूंवरून गेला. दोरीचे झोपाळे रिकामे हलत होते.

"झालं समाधान?" कप्तान हळूच म्हणाले.

बाई उतरल्या. घोटाभर पाण्यात उभ्या राहून त्यांनी जाकीट दोन्ही खांद्यांना धरून उलगडलं, समोरच्याने नुसते हात घालायचे बाकी असावेत तसं.

"आहे का कुणी?" त्यांनी हाक मारली. "शेवटची फेरी!"

बांबू करकरले. कप्तानांनी पाठ फिरवली. ते रोज फिरवत.

एरवी बाई इतकंच म्हणून परतत. आज त्या उभ्याच राहिल्या. उद्या यायला मिळेल की नाही, कोण जाणे.

"चल गं," त्या अगदी हळू म्हणाल्या. "आज लाँच नाही, हंस आहे. मागे जागा आहे."

त्यांनी जाकीट मागच्या बाकावर ठेवलं. परतताना पायडल जड लागत होतं.

"वारा फिरलाय," कप्तान म्हणाले. पाण्यावर साधी सुरकुती नव्हती.

अंधारायला लागलं होतं. तरीही धक्क्याजवळ येताना बाईंना ते दिसलं: झेंडा पुन्हा वर चढला होता. खाली साहेब बॅटरी घेऊन उभे. त्यांनी दोरी झेलली, हंस पायऱ्यांशी ओढून घेतला आणि बाईंना हात दिला.

परतीची वाट एकच, दोन खांबांमधून. बाईंनी जाकीट दोन्ही हातांवर आडवं घेतलं होतं, झोपलेलं लेकरू आत न्यावं तसं. आधी ते गेलं, मग त्या, मग कप्तान. मशीनने तीनदा टुक केलं.

साहेबांनी आकड्यावर बॅटरी मारली. आले एक्केचाळीस.

"तीन कसे?" ते म्हणाले. "तुम्ही तर दोघंच..."

"माझं पोट असेल," कप्तान चटकन म्हणाले. सवयीने म्हणाले, पण बघत होते जाकिटाकडे.

बाई त्या आकड्याकडे पाहत राहिल्या. मग खोलीत गेल्या. आतून खुंटीला पट्टा अडकवल्याचा बारीक आवाज आला.

बाहेर साहेब झेंड्याच्या दोरीला हात लावून थांबले होते. आपणहून काही करायला त्यांना धीर होत नव्हता.

"ताई," त्यांनी विचारलं, "उतरवू?"

बाईंनी दारातून मागे वळून भिंतीकडे पाहिलं. चाळीस.

"हो," त्या म्हणाल्या. "आता उतरवा."